मामाचं शूटिंग

भाची: पण मामा, आईच्या चेहऱ्याच्या जागी हे चार चौकोन कसले आहेत?

मामा: ती क्वालिटी आहे.

भाची: क्वालिटी?

मामा: म्हणजे नसलेली. टेपवरून कॉम्प्युटरवर घेतलं की असंच येतंय. आधी वाटलं कॉम्प्युटर जुना झाला. मग वाटलं टेप जुनी झाली. शेवटी या खोलीत सगळ्यांत जुना मीच आहे हे लक्षात आलं, म्हणून तुला फोन केला.

मामी: फोन मी केला. हे म्हणत होते, तिला काही कळवू नको, मी करतो दुरुस्त. महिनाभर दुरुस्त करतायत. आधी नुसतं धूसर होतं, आता चौकोनही आले.

मामा: तू काउंटरवर बस बघू. गिऱ्हाईक येईल.

मामी: दुपारचं दुकान बंद असतं. दारावरची पाटी तुम्हीच फिरवलीत आत्ता.

भाची: मामा, मला पहिल्यापासून सांग. आम्ही पाण्याच्या लाइनवर गळती शोधतो ना, तेव्हा नळापाशी नाही बसत, टाकीपासून निघतो. टेप कॅमेऱ्यात घातलीस. पुढे?

मामा: पुढे कॅमेरा टीव्हीला जोडला आणि टीव्हीसमोर फोन धरला.

भाची: फोन कशाला?

मामा: टीव्हीचं शूटिंग करायला. तुला पहिल्यांदा पाठवलं ते तेच.

भाची: अच्छा. म्हणून त्यात मधूनच मामी झाडू घेऊन जाते.

मामी: टीव्हीच्या काचेत दिसले असेन. मला काय माहीत घरात सिनेमा चाललाय. नाहीतर साडी बदलली असती.

मामा: दुसऱ्या खेपेला मात्र मी डोकं चालवलं. कॅमेऱ्याच्या खोक्यातच एक केबल होती. ती काढली, इकडे कॅमेऱ्याला, इकडे कॉम्प्युटरला. सरळ हिशोब.

भाची: दाखव. ही?

मामा: हीच. कंपनीचीच आहे, कोरी. कधी वापरलीच नव्हती.

भाची: ही फोटो उतरवून घ्यायची केबल आहे. व्हिडिओ येतो हिच्यातून, पण अर्ध्या इंची नळीतून मोठ्या टाकीचं पाणी यावं तसा. चित्र एवढंसं होतं आणि अडखळतं.

मामा: पण भोकात नीट बसली गं.

भाची: बसली म्हणून लावलीस?

मामा: माझं आयुष्यच असं चाललंय. बसतंय ना, मग बरोबरच असणार.

मामी: लोकांना चष्मेसुद्धा असेच देता का हो?

मामा: ऐकलंस? तीस वर्षं मी गावाला स्पष्ट दाखवायचा धंदा करतोय. समोरच्या भिंतीवरचा तो तक्ता बघ, खालची बारीक ओळ वाचता येईना असा माणूस मी कधी तसाच परत पाठवला नाही. आणि घरातली एक टेप मला स्पष्ट करता येत नाही. हसू नकोस. हस, हरकत नाही.

भाची: केबल लावलीस. मग?

मामा: मग कॉम्प्युटरने मला विचारलं, चांगला दर्जा हवाय, की जागा वाचवायचीय?

भाची: आणि तू काय सांगितलंस?

मामी: हे काय विचारणं झालं? साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवणारा माणूस आहे हा. जागा वाचवा म्हणाले असतील.

मामा: जागा वाचवा म्हणालो.

भाची: म्हणजे आधी बारीक नळीतून आणलंस, आणि आलं तेवढंही दाबून डबीत भरलंस. मग चेहऱ्याचे चौकोन नाही होणार तर काय होणार.

मामा: रागावलीस?

भाची: नाही.

मामा: रागावलीस. ताई रागावली की अशीच बघायची. एक भुवई वर, आणि तोंडाने मात्र ‘नाही’.

भाची: हे बाबाही सांगतात. आत्याही सांगते. सगळे मला सांगतात मी आईसारखी कशी दिसते, कशी बोलते. मी फक्त मान हलवते. फोटोत ती सगळीकडे एकाच चेहऱ्याची आहे रे, फोटो काढून घेणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याची. ती गेली तेव्हा मी साडेतीन वर्षांची होते. मला काहीसुद्धा आठवत नाही, आवाज नाही, चालणं नाही, काही नाही. मला तिचा हलता चेहरा एकदा बघायचाय. एवढंच. आणि तो फक्त तुझ्या या टेपवर आहे.

मामा: म्हणून तर मला घाम फुटलाय. तुझ्या प्रत्येक वाढदिवसाला मी छाती पुढे काढून सांगत आलो, काळजी करू नको, तुझी आई माझ्याकडे टेपवर आहे, तो सबंध दिवस मी शूट केलाय.

भाची: ती दिसेल. हा लॅपटॉप बघ. आमच्या ऑफिसच्या स्टोअरमध्ये भंगारात निघाला होता, सही करून आणलाय. याला जुनं फायरवायरचं पोर्ट आहे, जुन्या कॅमेऱ्यातून व्हिडिओ घ्यायचं भोक. तुझ्या कॅमेऱ्याच्या झाकणाखाली असंच एक छोटं पोर्ट आहे. ही केबल दोन्हींच्या मधे लावायची, मग टेपवर जे आहे ते जसंच्या तसं इकडे येतं. दाबणं नाही, आटवणं नाही.

मामा: ते झाकण उघडतं? मला वाटलं शोभेचं आहे.

भाची: लावली. टेप सुरू कर.

मामा: केली. बघ, बघ. केवढा फरक पडला. तो ट्रक. त्या दिवशी आम्ही आईअण्णांचं, तुझ्या आजीआजोबांचं, बिऱ्हाड नव्या घरात हलवलं, तोच हा ट्रक. रंग बघ कसा आलाय.

भाची: रंग आला, पण चौकोन तसेच आहेत. आता नाचतायत.

मामी: आधी बसलेले होते, आता उठले. प्रगती आहे.

भाची: म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं हेड घाण झालंय. टेप ज्याच्यावरून फिरते ते. तेवढं साफ केलं की झालं.

मामा: ते मी केलंय.

भाची: काय केलंयस?

मामा: साफ. महिन्यापूर्वीच. मी काय अगदीच हा नाही.

भाची: कशाने केलंस, मामा?

मामा: दुकानात जे असतं त्याने. लेन्सचं लिक्विड मारलं आणि मऊ फडक्याने हळू पुसलं. गोल गोल. लेन्स पुसतो तसं.

भाची: हेड लेन्ससारखं पुसलंस? लिक्विड मारून?

मामी: हे सगळंच पुसतात गं. घरी पाहुणे आले की बोलता बोलता त्यांच्या नाकावरचा चष्मा काढून पुसून परत ठेवतात. आमच्या शेजाऱ्यांनी तर येणंच कमी केलं.

मामा: चष्मा घाण असला की मला समोरच्याचं बोलणं ऐकूच येत नाही, त्याला मी काय करू?

भाची: त्या फडक्याचे धागे अडकले असणार आत, आणि लिक्विडचा थर. म्हणजे जे थोडंफार दिसत होतं तेही तू पुसून घालवलंस.

मामा: ती भुवई खाली घे ना. मला माझ्या घरी बसून ताईची बोलणी खाल्ल्यासारखं होतंय.

भाची: बाजूला हो. ही क्लीनिंग कॅसेट आहे. एका जुन्या स्टुडिओवाल्याकडून मागून आणलीय. आत घालायची, थोडीशी चालवायची, लगेच काढायची. तू हात लावू नकोस. ते फडकंही खिशात ठेव.

मामी: माझ्याकडे द्या ते.

भाची: झालं. आता टेप घाल. लाव.

मामा: अरे वा. अगं, चौकोन गेले.

भाची: गेले. पण हे बघ, ट्रकमधून उतरणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याचे दात आल्यासारखं दिसतंय. जो हलतो त्याला दात येतात.

मामा: हे मी केलेलं नाही.

भाची: नाही, हे तू नाही केलेलं.

मामा: परत एकदा म्हण. मामीला नीट ऐकू गेलं नाही.

भाची: जुना कॅमेरा प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत काढतो. आधी एकाआड एक ओळी, मग राहिलेल्या. टीव्ही ते गुपचूप जुळवून दाखवायचा. कॉम्प्युटर दोन्ही एकदम दाखवतो, आणि तेवढ्यात माणूस हललेला असतो. इथे एक खूण करायची की झालं. बघ.

मामा: गेले दात. आता कसं लख्ख झालं. त्या पलीकडच्या भिंतीवरचे पोपडेसुद्धा दिसतायत. तू पण काय पोर आहेस. थांब, आता इथेच ताई येते. तुला पाठवलेल्या क्लिपमधली जागा ही. ट्रकच्या मागून येते. ही बघ. आली.

भाची: मामा.

मामा: काय?

भाची: चौकोन गेला नाही.

मामा: असं कसं? बाकी सगळे गेले.

भाची: हा क्वालिटीचा चौकोन नाही. हा खोका आहे. तिने खोका उचललाय. तोंडासमोर.

मामी: पुठ्ठ्याचा आहे. वर लिहिलंय, ‘काचसामान, जपून’. काय स्वच्छ वाचता येतंय.

मामा: म्हणजे इतके दिवस मी ज्या चौकोनाशी भांडत होतो...

भाची: तो तिने धरलेला होता.

मामा: मी चेहरा सोडून खोका शूट केला. जिवाच्या आकांताने फोकस केलाय बघ त्याच्यावर. असू दे. ही सुरुवात आहे, माझा हात बसला नव्हता. पुढे बघ. पुढे मी सगळ्यांना दारात उभं केलं होतं. आईअण्णा, ताई, तुझे बाबा, तू ताईच्या कडेवर. एकेकाचा चेहरा जवळ जाऊन घेतलाय मी. मला पक्कं आठवतंय, ताईला म्हटलं, इकडे बघ, हस जरा.

भाची: हे काय? तू ‘झकास आलं’ म्हणतोयस, आणि दिसतायत तुझ्या चपला.

मामा: तेवढ्यात बंद करताना आलं असेल. पुढे जा.

भाची: पुढे जिना. जिना खालीवर होतोय. मग कोणाची तरी विजार.

मामी: तुमची आहे. ती चौकडीची. अजून आहे आपल्याकडे, फरशी पुसायला.

भाची: मग कट. आणि परत तू, ‘झकास आलं, चला’. परत चपला. मामा, प्रत्येक तुकडा तुझ्या ‘झकास’पासून सुरू होतोय.

मामा: असं कसं होईल? मी बटण दाबायचो, मग कॅमेरा वर धरून म्हणायचो ‘इकडे बघा’, मग शूटिंग, मग परत बटण दाबून म्हणायचो ‘झकास आलं’.

भाची: हो. पण ट्रकपाशी कधीतरी एकदा बटण जास्तीचं दाबलं गेलं असणार. तिथून सगळं उलटं झालं. तुला वाटायचं चालू झालं, तेव्हा ते बंद होत होतं. आणि बंद केलं समजून तू झकास म्हणायचास, तेव्हा कॅमेरा कामाला लागत होता.

मामा: दिवसभर?

भाची: दिवसभर.

मामी: अहो, बसा. स्टूल घ्या.

मामा: म्हणजे दारात उभी केलेली माणसं...

भाची: नाहीत.

मामा: छान. आपण क्वालिटी सुधारत गेलो आणि मी उघडा पडत गेलो. ते धुरकट होतं तेच बरं होतं. निदान दोष कॅमेऱ्यावर तरी जात होता.

भाची: तू हे कधी लावून बघितलंच नाहीस?

मामा: आणली तेव्हा थोडी बघितली होती. ट्रकपर्यंत. सगळ्यांना म्हटलं, एकदा एकत्र बसून सबंध बघू. मग ताईला ताप आला, तो उतरलाच नाही. ती गेल्यावर ही टेप लावायची माझी छाती झाली नाही. कॅमेरा तसाच वरच्या फळीवर ठेवला. या महिन्यातही मी ट्रकच्या पुढे गेलो नाही. आहे ना आपल्याकडे, एवढाच धीर होता. खरं सांगू? तो धीर तुझ्यापेक्षा मलाच जास्त लागत होता. आणि बघतोय तर काय, मी ताई शूट केलीच नाही. चपला केल्या, विजार केली, जिना केला. बंद कर ते. तुला एवढ्या लांबून बोलावलं आणि माझ्या विजारी दाखवल्या. मला फार वाईट वाटतंय गं. खरंच फार वाईट वाटतंय.

भाची: थांब. आवाज येतोय.

(लॅपटॉपच्या पडद्यावर डुलणारा जिना दिसतो आहे. यापुढे टेपमधले आवाजही ऐकू येतात.)

टेपमधली ताई: ढब्ब्या, झालं का तुझं झकास? मग तो कॅमेरा ठेव आणि सोफ्याचं ते टोक धर.

टेपमधला मामा: थांब ताई, कॅमेरा गरम झालाय. जरा थंड होऊ दे.

टेपमधली ताई: काम दिसलं की तुझं सगळंच गरम होतं. धर म्हणते ना.

मामी: ढब्ब्या?

मामा: हं.

मामी: तुम्ही ढब्ब्या? इतकी वर्षं संसार केला, हे मला कुणी सांगितलं नाही.

मामा: हाक मारणारी एकटीच होती. तू या घरात आलीस त्याच्या आधीच ती गेली. मग त्या नावाने मला कुणी बोलावलंच नाही. मी ढब्ब्या आहे हे मी विसरूनच गेलो होतो.

मामी: पोटाकडे बघून तरी आठवायचं.

भाची: मामी, हा आईचा आवाज आहे.

मामी: हो गं बाळा. वन्संचा आवाज मीसुद्धा आज पहिल्यांदा ऐकतेय. भरदार आहे. मला उगाच बारीक असेल असं वाटायचं.

भाची: मलाही. मी मनात बारीकच ठेवला होता. हे बघ, जिन्यावर पुढे कोण आहे? पाय दिसतायत ते?

मामा: ताई. मी मागे होतो ना, कॅमेरा हातात लोंबकळत.

भाची: एक पायरी सोडून चढते ती. ओझं घेऊन.

मामा: तिला एकेक पायरी चढायला वेळ कुठे होता.

भाची: मागे घे. परत लाव.

मामा: हे? नुसते पाय आहेत गं.

भाची: परत लाव.

मामा: लावतो. कितीदाही लावतो. हे बघ, चढली. परत लावू?

भाची: आणखी एकदा. आता पुढे जाऊ दे.

टेपमधला मामा: झकास आलं. ताई, कॅमेरा इथे ठेवतो. कुणी धक्का मारू नका रे.

टेपमधली ताई: कुणी मारत नाही. तू नुसता मुकादमासारखा उभा राहू नकोस, जा, अण्णांना गादी वर आणायला मदत कर.

भाची: आता सगळं आडवं झालं. भिंत खाली आणि जमीन बाजूला.

मामा: गाद्यांच्या ढिगावर ठेवला होता मी, बहुतेक कुशीवर. मोठ्या काळजीने ठेवला होता. महागाचा होता ना.

मामी: आणि चालूच.

मामा: आणि चालूच. माझ्या हातून आयुष्यात एवढं सलग शूटिंग कधी झालं नसेल. पण त्या रिकाम्या भिंतीचं काय करायचं? पुढे पळवू का?

भाची: नको.

मामा: अगं, भिंतच आहे.

भाची: असू दे.

टेपमधली पोर: आई, बूट चावतो.

टेपमधली ताई: बूट चावत नाही, तू उलटा घातलास. ये इकडे. बस इथे, माझ्यासमोर. तो पाय नाही, हा. अगं हा.

मामा: ताई. आली बघ. ही बसली. चेहरा बघ. सबंध चेहरा आलाय. केवढा स्पष्ट, नाकावरचा घामसुद्धा दिसतोय. आणि आडवी. एकदाची आली ती मीच आडवी आणली. थांब, थांबव ते. चित्र फिरवायचं मला येतं. महिनाभरात तेवढं एक शिकलोय मी, इथे कुठेतरी बटण असतं.

मामी: अगं, काय झालं? डोकं का टेकलंस टेबलावर? बरं वाटत नाही का?

टेपमधली ताई: बघ, आता चावतो का? नाही ना? मग रडायचं काय कारण? मला सांग बरं, कुठली खोली तुझी?

मामी: अहो, तिला काही झालेलं नाही. आडवी होऊन बघतेय. तिला तशा त्या सरळ दिसतायत.

मामा: पण मान अवघडेल तिची. एक क्षण थांबव म्हणतो मी, लगेच फिरवून देतो.

भाची: नंतर फिरव, मामा. आई बोलतेय.